मागची लाल काच

१९ नोव्हेंबर २००१, सोमवार

रजा संपली. आज रुजू झालो. सायकल घेतली नाही. काचपट्ट्यांची पेटी खांद्याला लावून चालत निघालो.

आज आपलेच गाव होते. घरोघरी ताप विचारायचा, असेल त्याचे रक्त काचपट्टीवर घ्यायचे, भिंतीवर तारीख टाकायची. अठरा वर्षे हेच हिवतापाचे काम. मागची फेरी ३० ऑक्टोबरची. दिवाळीला निम्म्या गावाने चुना मारला, तिथली भिंत कोरी आहे. बाकीच्या घरांवर माझ्याच अक्षरात ३०/१०. त्याखाली आज १९/११ टाकत गेलो. कुणी ताप सांगेना. "बसा, चहा घ्या" म्हणत होते. एकाही घरी बसलो नाही.

आमच्या भिंतीला यंदा चुना नाही. त्या दिवशी सकाळी सुरुवात आपल्याच घरापासून केली होती. वंदना दारात उभी होती. "अप्पा, या घरात कोणाला ताप न्हाई, लिहून घ्या." मी तारीख टाकली. संध्याकाळी ती नव्हती.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

भेटायला येणारे अजून येतात. वं.ची आई प्रत्येकीला तेच सांगते. मी आतल्या खोलीतून ऐकतो. आता शब्द पाठ झाले.

"कुरुंद्याला टेलरकडं माझं ब्लाऊज टाकलं होतं. कोजागिरीला घालायचं होतं. मीच म्हणले, वंदे, दिवस हाय तवर जाय अन् घेऊन ये. ती म्हणली उद्या आणते कॉलेजातून येताना. मी म्हणले आजच. माझ्या ब्लाऊजापायी गेलं लेकरू."

बायका म्हणतात, असं नका म्हणू वहिनी. पुढची बाई आली की ही पुन्हा पहिल्यापासून.

ब्लाऊज पिशवीसकट ट्रंकेत आहे.

२५ नोव्हेंबर, रविवार

इथे लिहून ठेवतो. दुसरीकडे कुठे बोललो नाही.

दसऱ्याला दोन्ही सायकली धुतल्या. हळदकुंकू लावले. हिने झेंडूचे दोन हार ओवले होते. माझ्या सायकलीचा हार नेहमीसारखा दांड्याला बांधला. वं.च्या लेडीज सायकलीला दांडा नाही. तिने तो हॅण्डलला अडकवला. मी काढला. म्हणालो, ब्रेकच्या तारेत जाईल, चाकात ओढला गेला तर तोंडावर आपटशील. मागे कॅरिअरला बांधला, दोन गाठी मारून. ती म्हणाली, "पुढंच छान दिसतो, अप्पा." मी म्हणालो, दिसण्याचे जाऊ दे.

हार लांब होता. कॅरिअरवरून खाली मडगार्डवर लोंबत होता. मडगार्डवर लाल काच. गाडीचा उजेड पडला की चमकते ती.

दसऱ्याचा हार आपण आपल्या हाताने काढत नाही, सुकून गळेपर्यंत राहू देतो. चार दिवसांनी, ३० तारखेला, ती निघाली तेव्हा मी ओट्यावर काचपट्ट्या मोजत होतो. तिच्या पाठीकडे पाहिले. पिवळा हार दिसला. काच दिसली नाही. बरी दिसते सायकल, एवढेच मनात आले.

परत येताना फाट्याजवळ दिवेलागणीला जीपने मागून.

जीपवाला शेजारच्या तांड्यावरचा पोरगा. लोक त्याला मारत होते आणि तो एकच म्हणत होता, "दिसलं न्हाई हो. काहीच चमकलं न्हाई." त्याचे दिवे लावलेले नव्हते, असे एकजण म्हणतो. लावले होते, असे दुसरा म्हणतो.

पोलिसांनी माझा जबाब घेतला. सायकलीला मागे लाल काच होती काय? होती, म्हणालो. खरेच होती. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मी सांगितले नाही.

७ डिसेंबर, शुक्रवार

गावातून सहा मुली सायकलने कुरुंद्याला जायच्या. सहा कि.मी. वं. सगळ्यांत पुढे असायची. आता एकही जात नाही. दोघींचे घरच्यांनी बंदच केले. दोघी एस.टी.ने जातात, पण गाडी आली तर आली. सविता उत्तमरावांची, वं.ची जोडीदारीण, घरी बसली आहे.

उत्तमराव भेटायला आले होते. बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "डॉक्टर, राग नका मानू. पोरीच्या जातीला सायकल झेपत न्हाई, हे आता पटलं बघा."

गावात मला डॉक्टरच म्हणतात. तीन वर्षांपूर्वी वं.ला सायकल घेतली तेव्हा याच ओट्यावर बसून मी त्यांना सांगितले होते की नीट सायकल असेल तर पोरगी आणि पोरगा यात फरक नाही. त्यावर त्यांनी सविताला घेतली.

आज काही बोललो नाही. सांगायला एक वाक्य पुरे होते. हिच्यादेखत सांगावे लागले असते.

१४ जानेवारी २००२, सोमवार

संक्रांत. तीळगूळ नाही. ही शेताकडे गेली होती, उशिरा आली. कोणी वाटेत तीळगूळ दिला तो पदराला तसाच बांधलेला.

तांड्याची फेरी आज होती. सगळी घरे केली. एक सोडले.

९ फेब्रुवारी, शनिवार

ठाण्यातून वं.ची सायकल मिळाली. सुपूर्दनाम्यावर सही केली. विकायची नाही, दुरुस्त करायची नाही, कोर्ट मागेल तेव्हा हजर करायची. हवालदाराने पंचनामा वाचून दाखवला. मागील चाक वाकलेले. कॅरिअर दबलेले. घंटी चालू स्थितीत. कॅरिअरला सुकलेल्या फुलांचा हार.

तेवढेच एक वाक्य. त्याने भरभर वाचले आणि पुढे गेला. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. त्याला त्यात काही वाटले नाही.

फुले ठाण्याच्या आवारातच गळून गेली होती. दोरा तेवढा होता, गाठी माझ्याच. घरी आणण्याआधी सोडला. या वहीच्या मागच्या खिशात आहे.

उत्तमरावांच्या बैलगाडीत घालून आणली. गोठ्यात उभी केली, वरून पोते टाकले. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. जवळ आली नाही. घंटी चालू स्थितीत आहे हे मी सांगितले नाही.

२ मार्च, शनिवार

हळद शिजायला लागली. गावभर तो वास. वं.ला शिजत्या हळदीचा वास आवडायचा नाही. नाकाला ओढणी लावून सायकल काढायची. मी ओरडायचो, ओढणी आधी मागे गाठ मारून बांध, मग नाक धर. चाकात ओढणी, साडीचा पदर, यासाठी जीव खायचो तिचा. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवून घेतली होती. चेनकव्हर पूर्ण. ब्रेकचे रबर वर्षाला दोनदा. दप्तर हॅण्डलला लटकवायचे नाही, हॅण्डल ओढते, कॅरिअरला बांधायचे.

सगळे मीच बघत होतो.

१९ मार्च, मंगळवार

पाय सुजतात. सोळा-सतरा कि.मी. चालणे या उन्हात होत नाही. तीन गावे राहिली. साहेब म्हणाले, आहे ती सायकल वापरा, नाहीतर अर्धे काम कोणाला देऊ.

माझी सायकल काढली. चार महिने उभी, टायर बसलेले. हवा भरताना हिने पाहिले. ताकाचा तांब्या आणून ठेवला.

फाट्याशी उतरलो. तेवढा तुकडा हातात धरून नेली.

६ एप्रिल, शनिवार

कुरुंद्याला गफूर मिस्त्रीकडे गेलो. माझी सायकल त्याने न विचारताच उलटी केली, चाक फिरवून कान लावला.

"डॉक्टरसाब, चाकातले छर्रे वाजून राहिले. तुमची तब्येत बी अशीच दिसते. दुसऱ्याचं रक्त काढत फिरता, तुमचं कोण तपासतं?"

बोलायला बरा माणूस. वं.ची सायकल यानेच जोडून दिली होती. त्या दिवशी सीटची उंची त्याने तिला पायडलवर टाच टेकवायला लावून मोजली. टाच टेकली आणि गुडघा सरळ झाला की सीट बराबर. "नाहीतर बेटी, चाळिशीत गुडघ्याची तकलीफ," असे चौदा वर्षांच्या मुलीला सांगत होता. ती हसून हसून सायकलीवरून उतरली.

त्याच्याकडे मागच्या लाल काचा किती आहेत विचारले. म्हणाला, पेटीभर आहेत, लोक घेत नाहीत, घंटीला झालर घेतात. पेटी घेतली. चिकटवायचे रेडियमचे एक भेंडोळे पण. तो पाहत राहिला. म्हणाला, "बेटीच्या नावानं?"

मान हलवली. तेही खोटेच झाले.

२१ एप्रिल, रविवार

सकाळी पाराजवळ बसलो. येणाऱ्या सायकलीला काच लावली, रेडियमची पट्टी मडगार्डवर, पायडलांवरही. पायडल वरखाली होते, मागच्याला हलताना दिसते, नुसत्या काचेपेक्षा लवकर कळते. तेवीस सायकली झाल्या. बाजारहाटाला गोण्या नेणाऱ्यांना सांगितले, गोणीने काच झाकत असेल तर गोणीलाच पट्टी चिकटवा.

हे खाली बघून सांगितले. कोणाला कळले नाही.

एक म्हातारा म्हणाला, "पुण्य करून राहिला डॉक्टर. पोरीला पोचंल."

घरी आलो तर हिच्या कानावर आधीच गेले होते. संध्याकाळी पहिल्यांदा माझ्या ताटात भाकरी वाढताना माझ्याकडे बघितले. म्हणाली, "तुमी लोकांसाठी एवढं करता. अन् मी, एका ब्लाऊजासाठी..."

जेवण गेले नाही.

१३ जून, गुरुवार

शाळा-कॉलेज सोमवारपासून. सविता आज एकटी घरी आली. हिच्याशी बोलली थोडे, मग माझ्याकडे.

"काका, मला जायचंय. अकरावीला पुन्हा बसते. दादा म्हणतात डॉक्टर व्हय म्हणले तर जा. म्हणून आले."

दादा म्हणजे तिचे वडील. मी विचारले, भीती नाही वाटत? म्हणाली, "वाटते की. घरी बसायची जास्त वाटते. दिवाळीनंतर पाहुणे आणणार हायेत."

ही दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हणालो, उद्या सायकल घेऊन ये, बघू.

१६ जून, रविवार

दोन दिवस सविताच्या सायकलीवर. सात महिने गोठ्यात होती, कोंबड्या बसायच्या तिच्यावर. ब्रेकचे रबर बदलले. मागच्या चाकाला जाळी. सीट बोटभर वर घेतली. सीटवर गोणपाटाची घडी शिवून दिली, रस्ता खराब आहे, सहा कि.मी.त अंग मोडते. घंटी. लाल काच, पट्टी.

मग तिला समोर बसवून सांगितले. ओढणीची गाठ मागे. डाव्या कडेने, पण पार कडेला नाही, तिथे खडी घसरते. मागून मोठी गाडी आली आणि समोरूनही आली तर सरळ उतरून उभी राहा, लाज वाटू देऊ नको. उसाच्या ट्रॉलीच्या मागेमागे जाऊ नको, ऊस निसटतो. निघायच्या आधी पाणी पी. दिवस मावळायच्या आत घर.

"एवढं तर वंदीला बी सांगितलं होतं तुमी," सविता म्हणाली. सहज म्हणाली, बिचारी.

व्हय, म्हणालो.

उत्तमराव काठीवर हनुवटी टेकून सगळे पाहत होते. म्हणाले, "तुमच्यावर सोडलं बघा, डॉक्टर. काही झालं तर तुमी हात वर करू नका."

१ जुलै, सोमवार

सविता रोज जाते. येण्याच्या वेळेला ही ओट्यावर बसते, तांदूळ निवडते. सूपभर तांदूळ निवडून संपले तरी निवडते. घंटी वाजली की उठून आत जाते. सविता आता आमच्या दारासमोर मुद्दाम घंटी वाजवते.

घरी बसवलेल्या दोघींपैकी एकीच्या आईने आजपासून पाठवायला सुरुवात केली.

२२ ऑगस्ट, गुरुवार

तांडा. तापाचे दिवस आहेत, घराघरात एकदोन. ते एक घर मी जानेवारीपासून सोडत आलो आहे. आज त्या जीपवाल्याची आई वाटेतच उभी राहिली.

"डॉक्टर, आठ महिने झाले, आमच्या भिंतीवर तारीख न्हाई. पलीकडं हाय, अलीकडं हाय. आमी माणसं न्हाई का?"

मग आवाज खाली आणून म्हणाली, "तीन दिवस तापानं फणफणून राहिला. तुमी दुश्मन समजा, पण रक्त घ्या."

आत गेलो. पोरगा गोधडीत होता. वीस-बावीस वर्षांचा. जामिनावर सुटल्यापासून जीप चालवत नाही, ऊसतोडीला जातो म्हणे. मला पाहून उठून बसू लागला. म्हणालो, पड. त्याचे बोट धरले. सुई टोचली, थेंब काचपट्टीवर घेतला.

तो म्हणाला, "दिवे मी लावले न्हवते, अप्पा. तेवढा उजेड हाय असं वाटलं. ती चूक माझी. पण मागची काच चमकली असती तर मावळतीच्या उजेडात बी दिसलं असतं. मला फुलंच दिसली, एकदम जवळ. फुलं कशाची ते बी कळलं न्हाई. वकील म्हणतो असलं काही बोलू नको, कोण मानंल."

मी काचपट्टीवर नंबर घातला. गोळ्या त्याच्या आईच्या हातात दिल्या, जेवणानंतर द्यायला सांगितल्या.

"मी मानतो," म्हणालो. एवढेच. त्याने माझ्याकडे पाहिले तेव्हा मी पेटी बंद करत होतो.

बाहेर येऊन भिंतीवर तारीख टाकली. त्याची आई म्हणाली, "नीट मोठी काढा."

१८ सप्टेंबर, बुधवार

वसमत कोर्टाचे समन्स. साक्षीला २१ ऑक्टोबर, सकाळी अकरा. दसऱ्यानंतर सहा दिवसांनी.

हिला वाचून दाखवले. म्हणाली, "काय विचारतील?"

सायकल कशी होती ते विचारतील, म्हणालो.

"मग सांगा की. तुमच्याइतकी नीट सायकल कोणाची न्हवती."

२९ सप्टेंबर, रविवार

सरकारी वकिलांना भेटून आलो. म्हणाले, सोपे आहे. लाल काच होती, मुलगी डाव्या बाजूने होती, एवढे ठाम सांगा. जास्तीचे बोलू नका.

सोपे आहे.

परत येताना गफूरकडे थांबलो. सांगावे असे वाटले. तो कोणाच्या तरी ट्यूबला पंक्चर काढत होता, परातीतल्या पाण्यात बुडबुडे शोधत. म्हणाला, "छोटा छेद असला की सापडत न्हाई, डॉक्टरसाब. हवा मात्र जात राहते." चहा पिऊन निघालो.

१५ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

सकाळी हिने एकच हार ओवला. माझ्या सायकलीसाठी. ओवताना फुले कमीच घेतली. मी दांड्याला बांधला. गोठ्यातल्या सायकलीकडे दोघेही गेलो नाही. नंतर पाहिले तर पोत्यावर चार पाकळ्या आणि हळदीचे बोट. कधी गेली होती कळले नाही.

दुपारी सोन्याला म्हणून उत्तमरावांचे सगळे घर आले. आपट्याची पाने दिली घेतली. सविता सायकलवरूनच आली, ऐटीत. ओट्यासमोर उभी केली. तिच्या आईने पूजा केली होती. हार कॅरिअरला बांधलेला. झेंडूचा, मोठा. मडगार्डवरून खाली लोंबत होता.

मी उठलो. कधी उठलो आठवत नाही. गाठ निघेना. दाताने तोडली.

सविताची आई: "अवं, पूजेचा हार काहून काढला? सणासुदीचं असं करतेत का?"

उत्तमराव: "डॉक्टर?"

सविता पण बघत राहिली. हार माझ्या हातात. काही तरी सांगणे भाग होते.

"काच झाकते," म्हणालो. "मागची लाल काच. ही झाकली की मागच्याला काही दिसत नाही."

आवाज माझा मलाच मोठा वाटला. उत्तमराव म्हणाले, बरोबर आहे, हे आमच्या ध्यानात आले नाही. सविताची आई अजून नाराज होती, सविताने हार घेऊन वीतभर ठेवून बाकीचा तोडला आणि हॅण्डलला आखूड गुंडाळून टाकला, तारेपासून लांब. झाले. ते लोक बसले, चहा झाला, गेले.

ही चहा घेऊन बाहेर आली नाही. सविताने कप नेले-आणले.

मी आत गेलो तेव्हा ही भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडे बघत होती. मागच्या दसऱ्याला मी हार मागे बांधला तेव्हा ही तिथेच होती, हातात आरतीचे ताट घेऊन.

विचारले नाही. बोलायचे राहिले नव्हते.

१६ ऑक्टोबर, बुधवार

बोलत नाही. स्वयंपाक केला. ताट वाढून ठेवले.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

तसेच. फिरतीला गेलो. चार काचपट्ट्या फुटल्या, पेटीला फडके गुंडाळायचे विसरलो.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

उत्तमराव ओट्यावर आले. म्हणाले, "डॉक्टर, परवापासून डोक्यात घोळून राहिलं. आपल्या वंदीच्या सायकलीला बी..." आणि थांबले.

व्हय, म्हणालो. मीच बांधला होता.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "सविता उद्या बी जाईल. मी अडवणार न्हाई." जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला सोसला नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

आज बोलली. पाचवा दिवस.

सकाळी सगळी झाडलोट करून माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "तो दोरा कुठं हाय?"

वहीच्या खिशातून काढून दिला. तिने विचारले नाही की मी तो का ठेवला. कोपरापासून बोटांपर्यंत मोजला. एकदा. परत एकदा.

"दोन हात," म्हणाली. "एवढा लांब मीच ओवला. तुमच्या हाराला ओवून फुलं उरली होती. टाकून काहून द्यायची म्हणून ओवत गेले. हात हात करत. आखूड असता तर काचेपर्यंत आला नसता."

मी म्हणालो, नाही, तसे नाही. बांधला मी.

"अन् मी धाडलं."

धाडलेस ते दिवसा धाडलेस, म्हणालो. दिवस आहे तोवर जा म्हणालीस. ती बरोबर वेळेला गेली. टेलरने उशीर केला असेल. ब्लाऊजाचे त्यात काही नाही. वर्षभरात मी हे सांगायला पाहिजे होते.

"व्हय," म्हणाली. "सांगायला पाहिजे होतं. मी वर्षभर एकटीच..."

माझ्यावर ओरडली असती तर बरे झाले असते. दोरा बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

दुपारी ट्रंक उघडल्याचा आवाज आला. मी बाहेरच थांबलो.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सकाळचे आठ. लिहून निघतो.

अकराला कोर्ट. कुरुंद्यापर्यंत सायकल, तिथून एस.टी. वसमतला. मी एकटाच जाणार होतो. ही म्हणाली, "मी येते."

एस.टी.ची सकाळची गाडी गेली, म्हणालो. सायकलवर बसावे लागेल. फाट्यावरून जावे लागेल.

"ठाऊक हाय मला रस्ता."

लग्नानंतर पहिली आठ-दहा वर्षे बसायची माझ्या मागे. नंतर सोडले. कॅरिअरवर गोधडीची घडी बांधली. जाळी तपासली, एका बाजूचा स्क्रू ढिला होता, आवळला. दांड्यावरचा हार सुकला आहे, राहू दिला. मागची काच फडक्याने पुसली.

ती काच पुसताना ही मागे उभी होती. विचारले, "तिथं काय सांगणार?"

काच होती काय विचारतील.

"अन् तुमी?"

वकील म्हणाले आहेत जास्तीचे बोलू नका. त्या पोराचा वकीलही हाराचे काढणार नाही, असले कोणी मानेल असे त्यालाच वाटत नाही. पंचनाम्यात आहे, पण वाचतो कोण. मी फक्त 'होती' म्हणालो तर संपले. पुढचे बोललो तर ते कागदावर जाईल, माझ्या नावाने, हिच्यासमोर. त्याने दिवे लावले नव्हते, हे तर खरेच राहते.

हे सगळे हिला बोललो नाही. "बघू," म्हणालो.

ती आत जाऊन आली. ते ब्लाऊज घातले आहे. मापाला सैल झाले आहे. पदर कमरेला खोचला, टोक मुठीत घट्ट धरले, मी वं.ला शिकवायचो तसे. दोरा तिच्याकडेच आहे, मागितला नाही.

सविताची घंटी वाजली आत्ता. पुढे गेली ती.

ही ओट्याशी उभी आहे. "चला," म्हणते.